टोन्डर आणि फ्लेन्सबुर्ग : १९२० च्या श्लेस्विग सार्वमतात मोजणीचा घटक कसा ठरला

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेल्या टिपणाचा वाढवलेला मजकूर)

माझ्या थोरल्या काकांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. ते गेल्यावर त्यांचे चार अल्बम माझ्याकडे आले. लहानपणी मला त्यातली आफ्रिकेची प्राण्यांची तिकिटं आवडायची. नोकरी सोडून इतिहासाच्या नादी लागलो तेव्हा पुन्हा अल्बम उघडले आणि युरोपच्या पानावर दोन तिकिटांपाशी अडकलो. दोन्हींवर ‘श्लेस्विग’ आणि ‘प्लेबिसाइट’ म्हणजे सार्वमत असं लिहिलेलं. एकाची किंमत जर्मन फेनिगमध्ये, दुसऱ्याची डॅनिश ओरमध्ये, आणि त्या दुसऱ्यावर नंतर उठवलेला छापा : ‘१. झोन’. काही महिन्यांसाठी एका मुलखाला स्वतःचं टपाल तिकीट मिळतं, आणि त्या काही महिन्यांतच त्याचं चलन बदलतं. हे काय प्रकरण आहे म्हणून खोदत गेलो.

आपल्या मंडळात सीमेचा विषय निघाला की आवाज चढतात. आपण बेळगावकर, त्यामुळे ते साहजिकच आहे. सार्वमत घ्या, प्रश्न मिटेल, असंही कुणीतरी हमखास म्हणतं. मी इंजिनियर माणूस, तीस वर्षं रस्ते आणि कालव्यांच्या कामांवर घालवलेली. मोजणी म्हटली की माझा पहिला प्रश्न असतो, टेप कुठून धरली? श्लेस्विगची कथा मला याच प्रश्नासाठी सांगायची आहे. तिथलं सार्वमत जगातल्या सर्वांत स्वच्छ सार्वमतांपैकी एक मानलं जातं. तरीही मत टाकण्याआधी टेप कुठून धरायची हे ठरलं होतं, आणि सीमा बरीचशी तिथेच ठरली होती.

मुलूख कसा होता

डेन्मार्कचं जटलंड द्वीपकल्प खाली जिथे जर्मनीला जोडलेलं आहे, तो पट्टा म्हणजे श्लेस्विग. त्याच्या दक्षिणेला होल्श्टाइन. दोन्ही डची शेकडो वर्षं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होत्या. होल्श्टाइन सगळं जर्मन बोलणारं. श्लेस्विग मात्र वरून खाली येताना हळूहळू रंग बदलत जाणारं : उत्तरेला डॅनिश बोली, मध्ये सरमिसळ, दक्षिणेला जर्मन, आणि पश्चिम किनाऱ्यावर व बेटांवर फ्रिसियन नावाची तिसरीच भाषा. शहरात व्यापारी आणि कारकून जर्मन बोलत, बाजारादिवशी येणारा शेतकरी डॅनिश बोली बोलत असे. एकाच घरात आजीची बोली एक आणि नातवाची शाळेतली भाषा दुसरी. आपल्याकडच्या वाचकांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

या डचींवरून १८४८ ते १८५१ आणि पुन्हा १८६४ साली युद्ध झालं. १८६४ च्या एप्रिलमध्ये डुब्बोलच्या मोर्च्यावर प्रशियाने डॅनिश सैन्याचा पराभव केला आणि डेन्मार्कला दोन्ही डची सोडाव्या लागल्या. दोनच वर्षांनी प्रशिया आणि ऑस्ट्रिया आपसात लढले. त्या युद्धानंतरच्या १८६६ च्या प्रागच्या तहात, फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या आग्रहाने, एक कलम घातलं गेलं, कलम ५. उत्तर श्लेस्विगच्या लोकांनी मुक्त मतदानाने इच्छा दाखवली तर तो भाग डेन्मार्कला परत द्यावा, असा त्याचा आशय. मतदान कधी झालंच नाही. १८७८ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने आपसात ठरवून ते कलमच रद्द केलं.

मोडलेला शब्द माणसं विसरत नाहीत. उत्तर श्लेस्विगचे डॅनिश लोक पुढची चाळीस वर्षं ‘कलम पाच’ उच्चारत राहिले. दरम्यान १८८८ पासून शाळांतून धर्माचे काही तास वगळता सगळं शिक्षण जर्मनमध्ये झालं. १८९८ नंतर फोन क्योलर या प्रशियन अधिकाऱ्याच्या काळात डेन्मार्कचं नागरिकत्व ठेवलेल्या लोकांना हद्दपार करण्याचा सपाटा लागला. प्रशियाची लष्करी भरती चुकवायला कितीतरी तरुण आधीच देश सोडून गेले होते. जे राहिले त्यांना पहिल्या महायुद्धात कैसरच्या गणवेशात लढावं लागलं. मनाने डॅनिश असलेले हजारो तरुण जर्मनीसाठी फ्रान्सच्या आणि रशियाच्या आघाडीवर गेले. उत्तर श्लेस्विगमधले पाच हजारांहून जास्त परत आले नाहीत. डेन्मार्क स्वतः त्या युद्धात तटस्थ होतं, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. युद्ध न करता त्याला मुलूख मिळणार होता.

रेघ आधी, मत नंतर

१९१८ च्या शेवटी जर्मनी हरली तेव्हा जर्मन संसदेत उत्तर श्लेस्विगचा डॅनिश प्रतिनिधी होता एच. पी. हान्सेन. शेतकऱ्याच्या घरातला, पत्रकार आणि अत्यंत व्यवहारी माणूस. १७ नोव्हेंबर १९१८ ला ओबेनरो गावात त्याच्या लोकांनी एक ठराव केला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, उत्तर श्लेस्विग हा एकच घटक धरून त्याचं मत घ्यावं. दोन, त्याच्या लगतच्या मध्य श्लेस्विगमधल्या ज्या भागांची मागणी असेल त्यांनाही मत देण्याचा हक्क असावा.

आता उत्तर श्लेस्विग संपतं कुठे? नकाशावर अशी काही रेघ नव्हती. ती एच. व्ही. क्लाउसेन या डॅनिश इतिहासकाराने काढलेली होती. १८९० च्या दशकात हा माणूस त्या मुलखात फिरून गावागावाचा कल पाहत होता. बोली एक आणि मन दुसरं असू शकतं, हे त्याला लवकर कळलं. डॅनिश बोली बोलणारी पण स्वतःला जर्मन म्हणवणारी गावं त्याने पाहिली. त्या सगळ्याचा विचार करून त्याने जी रेघ सुचवली ती टोन्डर शहराच्या दक्षिणेकडून आणि फ्लेन्सबुर्ग शहराच्या उत्तरेकडून जाते. हान्सेनने हीच रेघ उचलली.

व्हर्सायच्या तहाच्या कलम १०९ ते ११४ मध्ये हे सगळं कायद्याच्या भाषेत उतरलं. पहिल्या आराखड्यात तीन झोन होते. तिसरा पार दक्षिणेपर्यंत जाणारा. तो डेन्मार्कच्या सरकारने स्वतःहून काढायला लावला. पंतप्रधान झाह्ले यांचं म्हणणं, आम्हाला जर्मन लोक नकोत, आमचे लोक हवेत. हरलेल्या शेजाऱ्याकडून जास्त घेतलं तर तो पुन्हा उभा राहिल्यावर काय करेल, हा हिशेबही त्यामागे होता.

राहिले दोन झोन, आणि त्यांचे नियम वेगवेगळे.

पहिला झोन, क्लाउसेन रेघेच्या वरचा. इथे सगळ्या झोनची मतं एकत्र मोजायची. बहुमत ज्याचं, सगळा झोन त्याचा.

दुसरा झोन, रेघेच्या खालचा, फ्लेन्सबुर्ग धरून. इथे मतदान पहिल्यानंतर जास्तीत जास्त पाच आठवड्यांनी, म्हणजे पहिला निकाल लोकांना कळल्यावर. आणि इथे मोजणी गावागावाप्रमाणे. भूगोल आणि व्यवहाराची सोय बघून आयोगाने त्या निकालांवरून रेघ सुचवायची.

एकाच तहात, एकाच मुलखात, लागून असलेल्या दोन पट्ट्यांना दोन वेगळ्या मोजपट्ट्या. मी साइटवर असतो आणि एखाद्या कंत्राटदाराने असं केलं असतं तर बिल अडवलं असतं. पण इथे ते उघडपणे, सगळ्यांसमोर झालं. पहिल्या झोनमध्ये एकत्र मोजणी घेण्यामागे ‘कलम पाच’चा जुना शब्द होता, आणि जर्मन शहरांची बेटं डॅनिश शेतांच्या मध्ये तरंगत राहू नयेत ही व्यावहारिक अडचणही होती. दुसऱ्या झोनमध्ये गाव हा घटक धरण्याने डेन्मार्कची सोय होती. एकूण झोन हरला तरी रेघेला लागून असलेली काही गावं मिळू शकली असती.

मत कुणाचं

दुसरी मोजपट्टी मतदाराची. वीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत, पण अट अशी : एक तर त्या झोनमध्ये जन्म झालेला असावा, किंवा १ जानेवारी १९०० च्या आधीपासून तिथे वस्ती असावी, किंवा जर्मन अधिकाऱ्यांनी त्याला तिथून हद्दपार केलेलं असावं.

या तीन ओळींत फार काही दडलेलं आहे. १९०० नंतर बदलीवर आलेला जर्मन शिक्षक, रेल्वेचा माणूस, पोलीस, यांना मत नाही, मग त्यांची मुलं त्या शाळेत शिकत का असेनात. उलट तिथे जन्मून पुढे हँबर्गला, कोपनहेगनला किंवा अमेरिकेला गेलेल्याला मत आहे. मूळचा कोण आणि उपरा कोण, हा वाद एका तारखेने कापून टाकला. सर्वेक्षणात आपण एक बेंचमार्क धरतो आणि सगळ्या उंच्या त्याच्यापासून मोजतो. बेंचमार्क अमुकच दगडावर का, याला नैसर्गिक उत्तर नसतं. तो एकदा ठरला की सगळ्यांनी पाळायचा, एवढंच.

बाहेरगावच्या मतदारांसाठी दोन्ही बाजूंनी खास गाड्या आणि बोटी सोडल्या. वर्षानुवर्षं न पाहिलेल्या गावी माणसं एका दिवसासाठी परतली. गल्लोगल्ली पोस्टर्स लागली. एका गाजलेल्या डॅनिश पोस्टरवर लहान मूल आईला सांगतंय, डॅनिश मत दे, माझा विचार कर. जर्मनीत तेव्हा पराभव होता, उपासमार होती, रुपयाचे बारा आणे होत चाललेला मार्क होता. डेन्मार्कमध्ये लोणी होतं. तरी नुसत्या लोण्याने निकाल लागला नाही, हे आकड्यांवरून दिसेलच.

मतदान घेतलं आंतरराष्ट्रीय आयोगाने. इंग्लंडचे सर चार्ल्स मार्लिंग, फ्रान्सचे पॉल क्लोदेल (हे प्रसिद्ध कवी आणि नाटककार, पेशाने राजनैतिक अधिकारी), आणि तटस्थ देशांतून स्वीडन व नॉर्वेचा एकेक सदस्य. अमेरिकेच्या सिनेटने तह मंजूर न केल्यामुळे त्यांचा माणूस आलाच नाही. जानेवारी १९२० मध्ये तह लागू झाला, दहा दिवसांत जर्मन सैन्य बाहेर पडलं, ब्रिटिश आणि फ्रेंच तुकड्या आल्या, आणि मधल्या काळासाठी आयोगाने स्वतःची तिकिटं काढली. काकांच्या अल्बममधली ती हीच.

आकडे

१० फेब्रुवारी १९२०, पहिला झोन. नव्वद टक्क्यांहून जास्त मतदान. डेन्मार्कला ७५,४३१, जर्मनीला २५,३२९. म्हणजे जवळपास पाऊण विरुद्ध पाव.

१४ मार्च १९२०, दुसरा झोन. पुन्हा तेवढंच प्रचंड मतदान. जर्मनीला ५१ हजार ७०० च्या वर, डेन्मार्कला १२,८००. ऐंशी विरुद्ध वीस.

वरवर पाहता किती स्वच्छ निकाल. क्लाउसेनची रेघ जणू देवाने आखून दिलेली. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. मी मात्र सवयीप्रमाणे कागद घेऊन बेरजा करत बसलो, आणि तीन वेगळे नकाशे निघाले.

पहिला नकाशा. दोन्ही झोन मिळून एकच घटक धरला असता तर? डेन्मार्कची मतं ८८,२३१. जर्मनीची सुमारे ७७ हजार. डेन्मार्क अकरा हजारांनी पुढे, ५३ टक्के. म्हणजे फ्लेन्सबुर्गसह सगळा मुलूख डेन्मार्कला. काढून टाकलेला तिसरा झोनही धरला असता तर पारडं बहुधा पुन्हा फिरलं असतं.

दुसरा नकाशा. पहिल्या झोनमध्येही गाव हाच घटक धरला असता तर? पहिल्या झोनच्या आत टोन्डर शहराने चारात तीन मतं जर्मनीला दिली होती. सोन्नरबोर्ग आणि ओबेनरो, ज्या ओबेनरोत तो ठराव झाला होता, तिथेही ५५-५६ टक्के मतं जर्मनीची. मोठ्या गावांत फक्त हाडर्सलेव डॅनिश. खेड्यांनी मात्र भरभरून डॅनिश मतं दिली आणि एकत्र मोजणीत शहरं त्यात बुडाली. टोन्डर आणि शेजारचं होयर तर नव्या सीमेच्या अगदी जवळ. योहानेस टीड्ये या जर्मन अभ्यासकाने हेच दाखवून वेगळी रेघ सुचवली, टोन्डरच्या उत्तरेकडून जाणारी. तिचा तर्कही काही चुकीचा नव्हता. पण करार सहीशिक्क्याचा होता. आयोगाने ती मानली नाही.

तिसरा नकाशा म्हणजे जो प्रत्यक्षात आला तो.

आता दोन शहरं शेजारी ठेवून बघा. टोन्डर : चारात तीन मतं जर्मनीला. फ्लेन्सबुर्ग : चारात तीन मतं जर्मनीला, २७ हजार विरुद्ध जवळपास ९ हजार. जवळजवळ सारखाच कौल. आज टोन्डर डेन्मार्कमध्ये आहे आणि फ्लेन्सबुर्ग जर्मनीत. दोन्ही शहरांमधला फरक मतदारांच्या मनातला नाही. मधून गेलेल्या रेघेचा, आणि तिच्या दोन बाजूंच्या दोन नियमांचा आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. दुसऱ्या झोनमध्ये फ्योर बेटावरच्या तीन चिमुकल्या गावांनी डॅनिश बहुमत दिलं. गाव हा घटक, मग ती डेन्मार्कला मिळायला हवीत. पण ती सीमेला लागून नव्हती, म्हणून जर्मनीतच राहिली. ‘गाव घटक’ आणि ‘भौगोलिक सलगता’ ही दोन तत्त्वं एकमेकांवर आदळली की कोणतं जिंकतं, याचं हे छोटं उदाहरण.

जिंकणाऱ्यांचं भांडण

गंमत अशी की निकालानंतर खरी आग कोपनहेगनमध्ये लागली. फ्लेन्सबुर्ग हातचं गेलं म्हणून राष्ट्रवादी मंडळी संतापली. मत काही असो, ते आमचंच आहे, निदान जर्मनीला परत देऊ नका, आंतरराष्ट्रीय ताब्यात ठेवा, असा धोशा. राजा दहावा ख्रिश्चन त्यांच्या बाजूला झुकला आणि २९ मार्च १९२० ला त्याने झाह्ले यांचं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. संसदेत त्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव झालेला नसताना. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संपाची हाक दिली, रस्त्यावर प्रजासत्ताकाच्या घोषणा झाल्या. आठवडाभरात राजाला माघार घ्यावी लागली. डेन्मार्कच्या इतिहासात हे ‘ईस्टरचं संकट’ म्हणून ओळखलं जातं. त्यानंतर कुठल्याही डॅनिश राजाने असं धाडस केलेलं नाही. ८,९४४ मतांचं दुःख २७ हजार मतांपेक्षा मोठं धरायचं का, असा तो प्रश्न होता, आणि डेन्मार्कच्या संसदेने नाही असं उत्तर दिलं.

१० जुलै १९२० ला तोच राजा पांढऱ्या घोड्यावर बसून जुनी सीमा ओलांडून उत्तर श्लेस्विगमध्ये आला. त्या प्रसंगाची छायाचित्रं डेन्मार्कमध्ये आजही घरोघरी ओळखीची आहेत. टोन्डरच्या जर्मन घरांत त्या दिवशी काय वाटलं असेल, त्याचं छायाचित्र नाही. चित्रकार एमिल नोल्डे याच टोन्डरजवळच्या नोल्डे गावचा. सीमा सरकली तसा तो डॅनिश नागरिक झाला आणि शेवटपर्यंत राहिला. घर मात्र त्याने पुढे सीमेच्या दक्षिणेला जर्मनीत बांधलं. मनाने तो जर्मनच होता, इतका की नाझी पक्षाच्या डेन्मार्कमधल्या शाखेचा सभासद झाला, आणि तरी नाझींनी त्याची चित्रं ‘भ्रष्ट’ ठरवली. एका माणसाच्या आयुष्यात हा सगळा गुंता मावतो.

इतर ठिकाणी काय झालं

त्याच वर्षांत युरोपात आणखी सार्वमतं झाली. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला कारिंथियात १० ऑक्टोबर १९२० ला मतदान झालं. तिथल्या पहिल्या झोनमध्ये सुमारे ७० टक्के लोक स्लोव्हेनियन भाषिक. भाषा हेच मन असतं तर तो झोन युगोस्लाव्हियाला गेला असता. मतं पडली ५९ टक्के ऑस्ट्रियाला. शेतकऱ्याचा बाजार क्लागेनफुर्टला, आणि पलीकडे करावांकन डोंगराची भिंत. त्याने बाजार निवडला.

वरच्या सायलेशियात २० मार्च १९२१ ला जर्मनीला सुमारे ६० टक्के आणि पोलंडला ४० टक्के मतं मिळाली. पण तिथे मोजायचं कसं हेच आधी पक्कं नव्हतं : सगळा प्रांत एक धरायचा की गावागावाने तोडायचा. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्थ काढला. मे महिन्यात पोलिश बंड झालं, माणसं मेली, शेवटी राष्ट्रसंघाकडे प्रश्न गेला आणि प्रांत मधोमध कापला. काटोवित्से शहराने प्रचंड बहुमताने जर्मनीला मत दिलं होतं, ते पोलंडला गेलं. त्या रेघेवर कुणीच समाधानी नव्हतं, आणि १९३९ मध्ये तिचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

श्लेस्विगची रेघ मात्र टिकली. १९४० मध्ये हिटलरने अख्खं डेन्मार्क व्यापलं तरी ही सीमा सरकवली नाही. १९४५ नंतर उलटं झालं. उद्ध्वस्त जर्मनीत दक्षिण श्लेस्विगमधले हजारो लोक एकाएकी डॅनिश झाले. १९४७ च्या प्रांतिक निवडणुकीत डॅनिश पक्षाला जवळपास एक लाख मतं पडली. शेजारी त्यांना टोमणा मारत, चरबीसाठी झालेले डॅनिश. ब्रिटिशांनी डेन्मार्कला विचारलं, सीमा बदलायची आहे का? ऑक्टोबर १९४६ मध्ये डेन्मार्कने नको म्हणून कळवलं. १९२० च्या झाह्ले आणि हान्सेनचाच हिशेब पुन्हा.

यानंतर दोन्ही बाजूंनी रेघेऐवजी माणसांकडे लक्ष दिलं. १९४९ चं कीलचं निवेदन, आणि २९ मार्च १९५५ ला एकाच वेळी कोपनहेगन आणि बॉनमधून झालेली दोन निवेदनं. त्यातला गाभा सोपा : अल्पसंख्याक कोण हे ज्याने त्याने स्वतः सांगायचं, सरकारी कचेरीने ते तपासायचं नाही. स्वतःच्या शाळा चालवायची मोकळीक दोघांनाही. जर्मनीतल्या डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्क्यांची अट लागू नाही, म्हणून २०२१ मध्ये त्यांचा एक सदस्य जर्मन संसदेत निवडून आला. दक्षिणेला सुमारे पन्नास हजार डॅनिश, उत्तरेला सुमारे पंधरा हजार जर्मन, दोघेही शाळा, ग्रंथालयं, वर्तमानपत्रं राखून आहेत. टोन्डरच्या जर्मन माणसाला १९२० ला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या नातवंडांना जर्मन शाळा मिळाली.

आपल्या टेबलावर

आता थोडं घरचं. महाराष्ट्राने सीमाप्रश्नात जी चार तत्त्वं मांडली, खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषेचं सापेक्ष बहुमत आणि लोकेच्छा, ती आपल्या वाचकांना पाठ आहेत. आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकरांनी खेडं हा घटक धरला, त्याचा तो वारसा. श्लेस्विगच्या दुसऱ्या झोनचे नियम जवळपास तेच आहेत. १९६७ च्या महाजन अहवालाने महाराष्ट्राला २६४ गावं देऊन बेळगाव म्हैसूरमध्ये ठेवलं, तेव्हा आपलं भांडण नेमकं घटकावरच होतं : शहर वेगळं मोजायचं, तालुका मोजायचा, की खेडं.

आणि आपल्या शेजारी एक खरा कौल झालेलाही आहे. १६ जानेवारी १९६७, गोवा. केंद्रशासित प्रदेश राहावं याला १,७२,१९१ मतं, महाराष्ट्रात विलीन व्हावं याला १,३८,१७०. पेडणे, डिचोली, सत्तरी अशा तालुक्यांत कौल विलिनीकरणाकडे, सासष्टीत प्रचंड विरुद्ध. मोजणी सगळ्या गोव्याची एकत्र होणार हे आधी ठरलेलं होतं. तालुक्यांची मोजणी झाली असती तर गोव्याचे तुकडे झाले असते. ते कुणाला हवं होतं? विलिनीकरणवाद्यांनाही नव्हतं. म्हणून तिथे घटकावरून नंतर भांडण झालं नाही. हरलेल्यांनी निकाल पचवला.

खेडं हा घटक जास्त न्याय्य की प्रदेश, याला गणितात उत्तर नाही, हे मला काकांच्या दोन तिकिटांवरून कळलं. टोन्डरकडून पाहिलं तर खेडं न्याय्य. फ्लेन्सबुर्गच्या डॅनिश लोकांकडून पाहिलं तर प्रदेश. ज्याला त्याला आपल्या फायद्याची टेप बरोबर वाटते, मीही त्याला अपवाद नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी : टेप मोजणीच्या आधी उघडपणे ठरली होती का, आणि मोजल्यावर रेघेच्या चुकीच्या बाजूला पडलेल्या माणसाला त्याची शाळा, त्याची पाटी, त्याचं नाव राखता आलं का. पहिली गोष्ट सायलेशियात नव्हती. दुसरी श्लेस्विगला मिळायला पस्तीस वर्षं लागली, आणि मधे एक महायुद्ध जावं लागलं. पुढच्या बैठकीत सार्वमताचा विषय निघाला, आणि तो निघणारच, तर मी आधी हे दोन प्रश्न विचारणार आहे.

जाता जाता एक विनंती. १९६७ च्या गोव्याच्या कौलाच्या वेळची पत्रकं, पोस्टर्स, मतदार चिठ्ठ्या, किंवा महाजन आयोगापुढे गावोगावी दिलेल्या निवेदनांच्या प्रती कुणाच्या घरी असतील, तर मंडळात आणून दाखवाव्यात. आम्ही स्कॅन करून मूळ कागद लगेच परत देऊ. डॅनिश आणि जर्मन लोकांनी त्यांच्याकडचा एकेक कागद जपला, म्हणून आज शंभर वर्षांनी बेळगावात बसून मला या बेरजा करता आल्या.